भिंगबाई

अकरा वर्षं मी भिंगबाईंबरोबर काम केलं, आणि तेवढ्या काळात एकाही चित्राला त्यांनी 'छान' म्हटलेलं मी ऐकलं नाही. वाईटही म्हटलं नाही. नवीन चित्र आलं की त्या ते टेबलावर आडवं घ्यायच्या, मला खोलीतले दिवे बंद करायला लावायच्या, टॉर्च चित्राच्या कडेला अगदी आडवा धरायच्या आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून वाचायला लागायच्या. ओळीओळीनं, पुस्तकाचं पान वाचावं तसं. गळ्यात काळ्या दोऱ्याला भिंग. "वरच्या कडेपासून चार बोटं खाली केसासारखी भेग. तिच्या उजवीकडं रंगाचा पापुद्रा सुटलाय, नखाएवढा. मागच्या बाजूला जुनं ठिगळ." चित्रात बाई आहे की बैल, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं, तर सांगायला त्यांना पुन्हा बघावं लागलं असतं. एका पाहुण्यानं एकदा विचारलंच, "तुम्हाला स्वतःला आवडलं का हो हे?" बाई म्हणाल्या, "चित्र कसं आहे ते सांगायला पुष्कळ जण आहेत. त्याला काय काय झालंय ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं ना."

चिंचवडमधल्या एका जुन्या कारखानदार घराण्याच्या ट्रस्टचं ते कलादालन. कारखाना बंद पडल्यावर पेंट शॉपची शेड तेवढी उरली होती. तिला माळा घालून वर दालन केलं आणि खाली चित्रांचं कोठार. थोरल्या मालकांना चित्रं घ्यायचा नाद होता. चारशेच्या वर चित्रं त्यांनी जमवून ठेवली आणि ते गेले. मी तिथं इलेक्ट्रिशियन. दिवे लावायचे, चित्रं टांगायची, एसी बघायचा. बाई रजिस्ट्रार. हे पद काय असतं ते बाहेर कुणाला कळायचं नाही. काळेवाडीतल्या त्यांच्या शेजारणींना वाटायचं, बाई लग्नं नोंदवतात. एक जण तर भाच्याचं आधार कार्ड आणि फोटो घेऊन दालनावर आली होती. बाईंनी तिला पाणी दिलं, खरं विवाह नोंदणीचं ऑफिस कुठं आहे ते कागदावर नकाशा काढून दाखवलं, आणि मला म्हणाल्या, "मी पण तेच करते, कदम. कोण आलं, कुणाबरोबर आलं, जाताना कसं होतं."

त्यांचं नाव रत्नमाला. ते फक्त पगारपत्रकावर होतं. वडील जालन्याकडून आलेले, पिंपरीतल्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. हातात मायक्रोमीटर घेऊन त्यांनी तीस वर्षं पार्ट पास आणि नापास केले. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पुस्तकांचं कपाट, आणि कपाटाच्या वरच्या खणात वडिलांची मोजमापाची हत्यारं तेल लावून ठेवलेली. बाई लग्न न करता वडिलांजवळच राहिल्या. वडिलांचं एक वाक्य त्या नेहमी सांगायच्या: "माप चुकलं तर पार्ट बाद करा. पण माप खोटं लिहू नका. पार्ट दुसरा बनतो."

कोठाराच्या दारात त्या प्रत्येकाचं पेन काढून घ्यायच्या. आत फक्त पेन्सिल, शाईचा डाग चित्रावरून निघत नाही म्हणून. दारालगत एक स्टीलचा डबा ठेवलेला असायचा, त्यात पेन टाकायचं आणि जाताना घेऊन जायचं. थोरल्या मालकांचा नातू परदेशातून आला होता. त्याच्याही खिशातलं पेन त्यांनी हात पुढं करून मागितलं. आमचा जीव वरखाली झाला. नातू हसला आणि त्यानं ते दिलं. जाताना विसरला, तर बाई ते घेऊन गाडीपर्यंत धावल्या. "त्याची वस्तू आहे," म्हणाल्या, "आपल्याकडं राहिली की आपली जबाबदारी."

आणि त्यांच्यासमोर 'थोडं' हा शब्द चालायचा नाही. 'थोडं फाटलंय', 'जरा डाग पडलाय' असं कुणी म्हटलं की भिंग वर यायचं. "थोडं म्हणजे किती? बोटभर की नखभर? कुठून कुठपर्यंत?" मी चिडायचो. मारुती मात्र हे शिकला. मारुती आमच्याकडं ठेकेदाराच्या मार्फत होता, चित्रं उचलायला, गुंडाळायला. तिशीचा माणूस, लातूरकडचा. बायको संगीता आणि एक मुलगी घेऊन चिखलीच्या पुढं पत्र्याच्या खोलीत राहायचा. सातवी शिकलेला. पण सहा फुटी कॅनव्हास तो असा उचलायचा, की जणू झोपलेलं लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतोय. वर्षभरात तो दारातूनच ओरडायला लागला, "मॅडम, खालच्या चौकटीला टवका गेलाय, तुरीच्या दाण्याएवढा, आधीचा हाय, आमच्या हातचा न्हाई." बाई तसंच्या तसं लिहायच्या. 'तुरीच्या दाण्याएवढा' हे शब्द त्यांच्या रजिस्टरात मी स्वतः वाचलेत. बाहेरून तज्ज्ञ आले, की बाई म्हणायच्या, "उचलायला आमचा मारुतीच पाहिजे. त्याचे हात माझ्या डोळ्यांपेक्षा चांगले आहेत." त्यांनी कुणाचं कौतुक केलेलं मी एवढंच एक ऐकलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. कामगारांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं. कोल्हापूरच्या एका दिवंगत चित्रकाराच्या मुलीनं वडिलांचं एक मोठं चित्र आम्हाला उसनं दिलं: सकाळच्या शिफ्टला सायकलींवरून निघालेली माणसं. बाईंनी दोन दिवस बसून त्याचा कंडिशन रिपोर्ट लिहिला. तीन बारीक भेगा, एक जुनी दुरुस्ती, बाकी धडधाकट. शनिवारी संध्याकाळी मारुतीनं ते कोठारात सातव्या कप्प्यात ठेवलं. सातव्या कप्प्यावरून एसीच्या पाण्याचा पाईप जात होता. तो सांध्यात पाझरतो, हे मी पाडव्याच्या आधीच पाहिलं होतं, मेन्टेनन्सच्या वहीत लिहिलं होतं आणि बाईंना सांगितलं होतं. बाईंनी त्यावर ऑफिसला तीन पत्रं दिली. पाईप बदलायचं आज-उद्या चालू होतं.

सोमवारी दालन बंद असतं आणि मारुतीचीही सुट्टी. यादी तपासायची म्हणून बाईंनी आणि मी कोठार उघडलं. वासावरूनच कळलं. सांधा सुटला होता आणि पाणी चित्राच्या मागच्या बाजूनं ओघळून खालच्या पट्टीवर साठलं होतं. कॅनव्हास पोटासारखा फुगला होता. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या सायकली आणि माणसांचे पाय पापुद्रे होऊन फरशीवर पडले होते. बाई गुडघ्यांवर बसल्या. एकेक पापुद्रा चिमट्यानं उचलून त्यांनी पांढऱ्या कागदावर मांडला. दोन तास लागले. मध्ये एकदाच मला म्हणाल्या, "कदम, पंखा लावू नका, उडतील."

संचालक साहेब नवीन होते, एका कंपनीच्या एचआरमधून आलेले. दुपारी त्यांनी बाईंना बोलावलं. मी जिन्यात वायरिंग करत होतो, दार उघडंच होतं.

"मॅडम, पाईपचं लिहिलंत तर सगळं ट्रस्टवर येईल," साहेब म्हणाले. "शनिवारी फरशी पुसली होती. त्या हेल्परनं चित्र कप्प्यात न ठेवता ओल्या फरशीवर टेकवलं, असं लिहा. विषय ठेकेदाराकडं जाईल."

"त्यानं कप्प्यात ठेवलं होतं," बाई म्हणाल्या. "मी कप्प्यातूनच काढलंय."

"तुम्ही आणि कदम. आणखी कुणी पाहिलंय?"

बाई उठून बाहेर आल्या. जिन्यात माझ्याकडं त्यांनी पाहिलं. मी स्क्रू आवळत राहिलो.

दोन दिवस त्यांनी रिपोर्ट दिला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वेगळं सांगितलं. ट्रस्टी आधीच दालन बंद करायच्या विचारात आहेत. कोठारच गळकं आहे हे बाहेर गेलं, तर कुणी चित्र देणार नाही, आणि आपली चारशे चित्रं एखाद्या गोडाऊनमध्ये जातील, उंदरांच्या तोंडी. "एका कॉन्ट्रॅक्टच्या माणसासाठी?" असं ते म्हणाले. त्याला उद्या दुसरीकडं काम मिळेल, या पट्ट्यात कामाला काय कमी.

बाईंनी सही केली. 'हाताळणारा मारुती याने ओल्या फरशीवर टेकवून ठेवल्यामुळे झालेली हानी.' माझ्याकडं कुणी काही मागितलं नाही. मेन्टेनन्सची जुनी वही जाऊन टेबलावर नवी वही आली, तेही मी पाहिलं. माझा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही; तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतो.

मारुतीला ठेकेदारानं गेटवरच सांगितलं. तो भांडला नाही. पाण्याची बाटली आणि डबा न्यायला आत आला, तेव्हा मी म्हणालो, "मारुती, तू तर कप्प्यात ठेवलं होतंस ना रे?"

"मला तसंच वाटतंय, कदमभाऊ," तो म्हणाला. "ठिवल्याचं ध्यानात हाय. पर फरशी पुसल्याली व्हती हे बी खरं हाय." मग म्हणाला, "मॅडमनी लिवलंय. मॅडम चुकीचं लिवत न्हाईत. माझ्याच हातनं झालं आसंल."

बाई आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर त्यांच्यात दिसण्यासारखा फरक पडला नाही. पेनं काढून घेणं चालू होतं, टॉर्च आडवा धरणं चालू होतं. फक्त नव्या हेल्परला त्यांनी काही शिकवलं नाही. तो 'थोडं फाटलंय' म्हणायचा आणि त्या स्वतः उठून जाऊन बघायच्या.

सहा-सात महिन्यांनी मला चाकणच्या नाक्यावर ठेकेदाराचा मुकादम भेटला. मारुती तिकडं एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर लागला होता. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवून काम घेत होते, माल लवकर निघतो म्हणून. उजव्या हाताची चार बोटं गेली. मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्या एका चित्राच्या मागं नंबर टाकत होत्या. नंबर पुरा केला, पेन्सिल ठेवली आणि म्हणाल्या, "कुठली चार?"

"ते नाही विचारलं मी."

"कुठं आहे तो?"

आम्ही सोमवारी, सुट्टीच्या दिवशी, त्याच्या खोलीवर गेलो. मारुती पलंगावर बसला होता, हाताला बँडेजचं पांढरं गाठोडं. मुलगी शेजारी अभ्यास करत होती. संगीतानं आम्हाला ओळखलं, खुर्ची दिली. बाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच त्या म्हणाल्या, "मारुती, तुझ्या हातून चित्राला काही झालं नव्हतं. तू कप्प्यातच ठेवलं होतंस. पाईप गळला. मी खोटं लिहिलं."

मारुतीनं गाठोडं मांडीवर घेतलं. "मी लै दिवस इचार केला, मॅडम," तो म्हणाला. "रोज आठवायचो, ठिवलं का टेकवलं. झोपताना बी. मग म्हनलं, आपलंच डोकं फिरलंय."

संगीता स्टोव्हजवळ होती. तिनं चहाचे कप आमच्या पुढं ठेवले आणि बाईंकडं न बघता म्हणाली, "चहा घ्या आन् जावा. परत येऊ नका."

आम्ही चहा घेतला आणि निघालो. चिखलीपासून काळेवाडीपर्यंत बसमध्ये बाई खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "पार्ट दुसरा बनतो, असं बाबा म्हणायचे. मी माणसाला पार्ट धरलं, कदम."

मंगळवारी त्यांनी रजिस्टर काढलं. जुनी नोंद खोडली नाही. "खोडलं तर मी खोटं लिहिलं होतं हे कसं कळणार?" असं म्हणून तिच्या खाली नवी नोंद केली: पाईप, सांधा, तीन पत्रांच्या तारखा, कुणाच्या सांगण्यावरून आधीचं लिहिलं गेलं ते, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. तीन प्रती काढल्या. एक संचालकांना, एक ठेकेदाराला, एक कोल्हापूरला चित्रकाराच्या मुलीला. चौथा कागद घेऊन त्या माझ्याकडं आल्या. पाईप पाझरताना मी पाहिला होता, एवढंच त्यावर लिहायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, मला दोन दिवस द्या."

"घाई नाही," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवून गेल्या. मी तो लिहिला नाही.

आठवड्यात त्यांना काढलं. जाताना कोठाराच्या किल्ल्या, टॉर्च, चिमटे, सगळ्याची यादी करून त्यांनी साहेबांची सही घेतली. भिंग स्वतःचं होतं, ते गळ्यातच होतं. कोल्हापूरची मुलगी येऊन चित्र घेऊन गेली. कोपऱ्यातले पाय नसलेलं चित्र आणि पापुद्र्यांची पुडी. वर्षभरात ट्रस्टींनी दालन बंदच केलं. चित्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळवड्याच्या एका गोडाऊनमध्ये गेली. ज्या चारशे चित्रांसाठी बाईंनी मारुतीचं नाव लिहिलं, ती शेवटी तिथंच गेली. मी ती ट्रकमध्ये चढवून दिली आणि दुसरीकडं नोकरी धरली.

पुढचं मला संगीताकडून कळलं, म्हणजे बाई गेल्यानंतर. वर्कशॉपच्या मालकानं अपघाताच्या कागदावर 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं होतं आणि 'हाताला थोडी इजा'. भरपाईचं काम त्यावर अडलं. संगीता तो कागद घेऊन तीन ऑफिसं फिरली आणि शेवटी नाइलाजानं काळेवाडीला बाईंच्या दारात गेली. बाईंनी मारुतीला बोलावून घेतलं. त्याचा हात टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवला, टॉर्च आडवा धरला आणि लिहायला बसल्या. तर्जनी दुसऱ्या पेरापासून नाही. मधलं बोट आणि अनामिका मुळापासून नाहीत. करंगळीच्या जागी टाक्यांचा व्रण, दीड पेर लांब. मूठ वळत नाही. पेन्सिल धरता येत नाही. मग मशीन कुठलं, सेन्सर कुणी बंद केला, आधी कुणाला लागलं होतं. सहा पानं झाली. ती घेऊन त्या स्वतः कामगार खात्याच्या ऑफिसात गेल्या, परत परत गेल्या. दीड वर्षानं 'निष्काळजीपणा' हा शब्द त्या कागदावरून निघाला.

मग चाकण, भोसरी, तळवड्याकडून बोटं गेलेली माणसं त्यांच्याकडं यायला लागली; एवढं तेव्हाच माझ्याही कानावर आलं होतं. काळेवाडीच्या त्या खोलीत वडिलांच्या कपाटाखाली बाकड्यावर बसायची. बाई कुणाला 'वाईट झालं' म्हणायच्या नाहीत, धीरही द्यायच्या नाहीत. हात कागदावर ठेवायला सांगायच्या. काहींना त्यांचा राग यायचा. मीही दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो.

गेल्या हिवाळ्यात त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला. कळलं तेव्हा फार पुढं गेला होता. अडीच महिन्यांत त्या गेल्या. मी स्मशानात पोचलो तेव्हा बुद्धवंदना चालू होती. पांढऱ्या कपड्यातली शेजारची माणसं होती, आणि मागं वीस-पंचवीस पुरुष, ज्यांना मी ओळखत नव्हतो. त्यांनी हात जोडले तेव्हा मला कळलं ते कोण होते.

मारुती आत आला नव्हता. गेटबाहेर संगीताबरोबर उभा होता. मी जवळ गेलो.

"माफ केलं का म्हनून इचारू नका, कदमभाऊ," तो आधीच म्हणाला. "मला ठावं न्हाई. यायला पायजे म्हनून आलो."

"मी तेवढ्यासाठी नाही आलो," मी म्हणालो. "पाईप पाझरताना मी पाहिला होता. पाडव्याच्या आधी. तुझं नाव लिहिलं तेव्हा मला माहीत होतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मला ठावं हाय. मॅडमनी सांगितलं व्हतं. तुमी कवातरी याल म्हनल्या व्हत्या."

संगीता दुसरीकडं बघत होती.

"लिवून द्या," मारुती म्हणाला.

"आता? आता त्याचा काय उपयोग?"

"घरात ठिवायला. पोरगी मोठी झाली. तिला वाचाया."

समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी कोरा कागद मागून घेतला आणि काउंटरवर उभ्यानं लिहिलं. पाच ओळी झाल्या. सही केली. मारुतीनं कागद डाव्या हातात घेतला, ओठ हलवत वाचला आणि परत माझ्यापुढं ठेवला.

"तुमी गप का बसलात ते न्हाई लिवलं."

मी पेन पुन्हा उघडलं. तो शेजारी उभा राहिला, कागदावर नजर ठेवून, मी लिहून होईपर्यंत.